‘झोन’च्या नकाशात ठरते खेळाडूची झेप

महाविद्यालयीन सामन्यांपासून रणजी करंडकापर्यंत आणि अमेरिकेतील विद्यापीठांपर्यंत एकच वाद : गट कोणी पाडायचे आणि कशाच्या आधारे?

बुलडाणा : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू झाला, की मैदानाच्या कडेला एक वाद हमखास रंगतो. ‘आमचा झोन कठीण होता, तुमचा सोपा; म्हणून तुम्ही पुढे गेलात,’ असे हरलेल्या संघाचे पाठीराखे म्हणतात. ‘समोर येईल त्याला हरवावेच लागते,’ असे जिंकलेल्या संघाचे पाठीराखे उत्तर देतात. वाद चहाच्या टपरीवर सुरू होतो आणि तेथेच संपतो. त्यामागचा प्रश्न मात्र टपरीवर संपणारा नाही. कोणत्या संघाने कोणाशी खेळायचे, हे कशाच्या आधारे ठरते आणि त्याचा खेळाडूच्या पुढील वाटचालीवर काय परिणाम होतो, हे समजून घेतल्याशिवाय ‘कठीण झोन’ आणि ‘सोपा झोन’ या शब्दांना अर्थ येत नाही.

खेळाडूच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ चषकाचा नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर ‘कलर’ मिळतो. पुढे विभागीय आणि अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे; त्याचा लाभ कोणास मिळणार, हे स्पर्धेचा दर्जा आणि तेथे मिळविलेले स्थान यांवर अवलंबून असते. तेव्हा पहिल्याच फेरीत कोणाशी गाठ पडते, याला ग्रामीण भागातील मुलामुलींच्या आयुष्यात महत्त्व आहे.

एक खेळाडू, अनेक नकाशे

बुलडाणा जिल्ह्यातील खेळाडू एकाच वेळी किती नकाशांत वावरतो, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. शाळेत असताना तो अमरावती विभागाचा असतो. शालेय क्रीडा स्पर्धांसाठी राज्याचे आठ विभाग आहेत. त्यांपैकी अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. महाविद्यालयात गेल्यावर तो संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचा होतो. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही हेच पाच जिल्हे. १ मे १९८३ रोजी हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती. म्हणजे खामगाव किंवा बुलडाण्याच्या महाविद्यालयाचे प्रतिस्पर्धी त्या वर्षी एका प्रशासकीय निर्णयाने बदलले.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली, की तोच खेळाडू ‘पश्चिम विभागा’चा होतो. भारतीय विद्यापीठ महासंघाने देशातील विद्यापीठांचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग केले आहेत. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा येथील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात.

हाच मुलगा क्रिकेट खेळत असेल आणि विदर्भाच्या संघापर्यंत पोहोचला, तर दुलीप करंडकाच्या नकाशात मात्र तो ‘मध्य विभागा’चा ठरतो. विद्यापीठाकडून खेळताना पश्चिम आणि विदर्भाकडून खेळताना मध्य! याचे मूळ इतिहासात आहे. विदर्भ पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. राज्याच्या सीमा बदलल्या. क्रिकेटच्या सीमा बदलल्या नाहीत. फुटबॉलची गोष्ट पुन्हा वेगळी. तेथे विदर्भ स्वतंत्र नाही. त्यामुळे राज्याच्या संघात जागा मिळवायची तर मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथील खेळाडूंशी थेट स्पर्धा करावी लागते.

सारांश, ‘झोन’ ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. ती कोणीतरी, कधीतरी, त्या काळच्या सोयीसाठी आखलेली असते.

घाटावरून अमरावतीपर्यंत

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची रचना वरवर पाहता सोपी आहे. विद्यापीठ खेळनिहाय वेळापत्रक ठरविते आणि एखाद्या महाविद्यालयाकडे यजमानपद देते. संघांची संख्या मोठी असल्यास महाविद्यालयांचे गट पाडले जातात. सामन्यांतून निवड समिती खेळाडू हेरते, त्यांचे सराव शिबिर होते आणि विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो. सांघिक खेळांत प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात, अशी सर्वसाधारण रीत आहे. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेतही सांघिक खेळांसाठी अखिल भारतीय स्पर्धेतील आघाडीच्या विद्यापीठांनाच प्रवेश मिळतो. म्हणजे शिडीची पहिली पायरी चुकली, तर वरच्या साऱ्या पायऱ्या चुकतात.

ही पहिली पायरी सर्वांसाठी सारख्या उंचीची नाही. बुलडाण्याहून अमरावती सुमारे २०० किलोमीटर आहे. जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर आहेत. परंतु घाटावरील बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांना रेल्वे नाही. सामना अमरावतीला असेल तर घाटावरच्या संघाला आदल्या दिवशी निघावे लागते किंवा पहाटेची एसटी गाठावी लागते. अमरावतीच्या संघाला मात्र घरचे जेवण करून मैदानावर येता येते.

दुसरा फरक महाविद्यालयांच्या स्वरूपाचा आहे. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच संस्थेच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. या संस्थेचे स्वतंत्र शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. ज्यांचा अभ्यासक्रमच मैदानाशी बांधलेला आहे असे विद्यार्थी एका बाजूला, आणि तास संपल्यावर तासभर सराव करून गावची शेवटची बस पकडणारे कला-वाणिज्य शाखेचे विद्यार्थी दुसऱ्या बाजूला. दोघे एकाच स्पर्धेत उतरतात. यात शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा काही दोष नाही. उलट अशा संस्थांमुळेच विद्यापीठाचे संघ बलवान होतात. परंतु चिठ्ठी टाकताना पहिल्याच फेरीत अशा संघाशी गाठ पडली, तर लहान तालुक्यातील संघाचा हंगाम एका दुपारी संपतो. त्या संघात एखादा उत्तम गोलरक्षक असला, तरी निवड समितीला तो केवळ एकाच सामन्यात दिसतो, आणि तोही पराभूत संघात.

भूगोल की गुणवत्ता?

गट पाडण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. एक भूगोलाची : जवळच्यांनी जवळच्यांशी खेळावे. दुसरी गुणवत्तेची : बलवानांनी बलवानांशी खेळावे. दोन्हींचा अनुभव रणजी करंडकाने घेतला आहे.

१९३४-३५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा दीर्घकाळ विभागवार खेळविली जात असे. विदर्भाचा संघ या नावाने १९५७-५८ मध्ये रणजीत उतरला आणि मध्य विभागात उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान व रेल्वे यांच्याशी खेळत राहिला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र होते. मुंबईच्या चाहत्यांना पश्चिम विभाग सर्वांत खडतर वाटे, तर इतरांना मुंबईचा दबदबा अवाजवी वाटे. विभाग वेगळे असल्याने या वादाचा निकाल बाद फेरीपूर्वी लागतच नसे.

२००२-०३ पासून विभाग मोडीत निघाले आणि संघांची विभागणी कामगिरीनुसार ‘एलिट’ व ‘प्लेट’ अशा गटांत झाली. विदर्भाच्या वाट्याला प्लेट गट आला. गुणवत्तेची ही रीत न्याय्य दिसते, पण तिच्यात एक पेच आहे. खालच्या गटात खेळणाऱ्याच्या धावांना आणि बळींना निवडकर्त्यांच्या लेखी कमी वजन मिळते. दुबळ्यांशी खेळून दुबळेपणाचा शिक्का कसा पुसायचा, असा प्रश्न उभा राहतो.

पुढे २०१७-१८ च्या मोसमात २८ संघांचे प्रत्येकी सातचे चार गट करण्यात आले. विदर्भ ड गटात होता. ‘गट सोपा आहे,’ असे म्हणणारे तेव्हाही होते. विदर्भाने प्रथमच अंतिम फेरी गाठली आणि इंदूर येथे दिल्लीला नमवून फैज फझलच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला. त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक साधली. २०१८-१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हार पत्करावी लागली. पण २०२४-२५ मध्ये नागपूरच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसरे विजेतेपद आले. सोप्या गटाचा आक्षेप एका वर्षी घेता येतो. तीन विजेतेपदांनंतर तो टिकत नाही.

या उदाहरणातून एक गोष्ट निघते. विदर्भाला कोणी कठीण वा सोपा गट दिला म्हणून तो संघ मोठा झाला नाही. बलवान संघांशी नियमित सामने मिळाले, एका पराभवाने मोसम संपला नाही आणि प्रशिक्षणाची सोय झाली, तेव्हा तो मोठा झाला. गटाच्या नावापेक्षा गटात किती सामने मिळतात, हे महत्त्वाचे ठरले.

अमेरिकेतील विद्यापीठांचा धडा

झोनचा हा वाद सर्वांत मोठ्या प्रमाणावर कोठे चालत असेल, तर तो अमेरिकेत. शिक्षणासाठी तेथे गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना शनिवारच्या महाविद्यालयीन फुटबॉलचा ज्वर चांगलाच परिचयाचा असतो. हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून खेळला जाणारा तो अमेरिकी खेळ. तेथील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली आहेत. कॉन्फरन्स म्हणजे आपल्याकडील झोनच. फरक इतकाच, की हे गट वरून कोणी पाडत नाही. विद्यापीठे आपापसांत करार करून ते बनवितात आणि मोडतात.

आरंभी हे गट भूगोलानुसारच होते. ‘बिग टेन’ हा गट १८९६ मध्ये मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांनी स्थापन केला. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अफाट पैसा येऊ लागला, तसा भूगोल मागे पडला. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचा ‘पॅक-१२’ हा गट १९१५ पासूनच्या परंपरेचा वारस. दूरचित्रवाणीचा समाधानकारक करार न झाल्याने तो फुटला आणि २०२४ मध्ये बारापैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. त्यांतील चार ‘बिग टेन’मध्ये गेली. नावात दहा असलेल्या या गटात आता अठरा विद्यापीठे आहेत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कले ही पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात दाखल झाली!

फुटबॉलचे नियमित सामने हंगामात बारा, तेही साधारण आठवड्याला एक. इतका प्रवास विमानाने जमतो. पण हा निर्णय बेसबॉल खेळणाऱ्या मुलांनाही लागू झाला. महाविद्यालयीन बेसबॉलच्या हंगामात ५६ पर्यंत सामने असतात, शनिवार-रविवारला जोडून तीन-तीन सामन्यांच्या मालिका होतात. फुटबॉलच्या पैशासाठी बदललेल्या नकाशावर बेसबॉलचे खेळाडू हजारो किलोमीटर फिरू लागले. पॅक-१२ मध्ये मागे उरलेल्या दोन विद्यापीठांपैकी ओरेगॉन स्टेट या विद्यापीठाचा बेसबॉल संघ तीन वेळचा राष्ट्रीय विजेता. २०२५ च्या हंगामात तो कोणत्याही गटाविना खेळला आणि तरीही ओमाहा येथील अंतिम आठ संघांच्या स्पर्धेपर्यंत पोहोचला. गुणवत्ता असली तर गटावाचूनही वाट निघते, असे यावरून म्हणता येईल. पण तीन विजेतेपदांची पुण्याई नसलेल्या संघाला ती वाट सापडली असती का, हाही प्रश्न उरतोच.

कोणता गट बलवान, यावर तेथील चाहते आपल्या टपरीवरच्या चाहत्यांइतकेच हिरिरीने भांडतात. बेसबॉलमध्ये दक्षिणेकडील ‘साउथईस्टर्न’ गटाचे पारडे जड आहे. २०१९ पासून २०२५ पर्यंत, २०२० ची रद्द झालेली स्पर्धा वगळता, प्रत्येक राष्ट्रीय विजेता याच गटातला. फुटबॉलमध्ये मात्र २०२३ च्या हंगामात मिशिगन आणि २०२४ च्या हंगामात ओहायो स्टेट, असे सलग दोन विजेते ‘बिग टेन’मधून आले. एका खेळात जो गट बलवान, तो दुसऱ्या खेळात असेलच असे नाही.

या साऱ्या गोंधळात अमेरिकी बेसबॉलने एक गोष्ट मात्र जपली आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात ६४ संघांचे चार-चारचे सोळा गट होतात आणि प्रत्येक गटात दोन पराभवांनंतरच संघ बाद होतो. पहिल्या दिवशी हरलेल्या संघाला दुसरी संधी मिळते. बुलडाण्याच्या दृष्टीने घेण्यासारखा धडा हा आहे.

एका पराभवाची किंमत

सोळा संघांची फुटबॉल स्पर्धा समोर ठेवून हिशेब मांडता येईल. बाद पद्धतीने ती खेळविल्यास एकूण १५ सामने होतात. त्यांपैकी आठ संघ, म्हणजे निम्मे, एकेक सामना खेळून घरी परततात. याच संघांचे चार-चारचे चार गट करून साखळी सामने घेतले, तर गटातले २४, उपान्त्य फेरीचे दोन आणि अंतिम एक, असे २७ सामने होतात. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. दोन पराभवांनंतर बाद करण्याच्या पद्धतीत ३० किंवा ३१ सामने होतात आणि प्रत्येकाला किमान दोन मिळतात.

सामने वाढले म्हणजे खर्च वाढणार, हा आक्षेप रास्त आहे. पण तो वाटतो तितका मोठा नाही. दोन मैदाने असतील आणि प्रत्येक मैदानावर दिवसाला तीन सामने घेतले, तर बाद पद्धतीला पाच दिवस लागतात आणि साखळीला सहा. एका दिवसाच्या मुक्कामाच्या बदल्यात बारा सामने अधिक मिळतात. बाद पद्धतीत पहिल्याच दिवशी परतणाऱ्या संघांना मुक्काम वाढवावा लागेल, हे खरे. पण २०० किलोमीटरचा प्रवास त्यांनी तसाही केलेलाच असतो. त्या प्रवासाच्या मोबदल्यात एकच सामना मिळणे हाच खरा अपव्यय म्हटला पाहिजे.

अडचणी आहेत. लागोपाठ सामने खेळल्याने फुटबॉलपटूंना दुखापतीचा धोका वाढतो. साखळीतील सामन्यांचा कालावधी थोडा कमी करून तो टाळता येईल. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये लहान संघाकडे बहुधा एकच भरवशाचा पिचर असतो. त्याच्यावर रोज भार टाकता येत नाही. शिवाय परीक्षांच्या वेळापत्रकातून सहावा दिवस काढणे सोपे नाही. या अडचणींची उत्तरे खेळागणिक वेगळी असतील. सर्वांना एकच साचा लावण्याची गरज नाही.

बाणाला झोन नसतो

सांघिक खेळाडूची ही कोंडी वैयक्तिक खेळाच्या शेजारी ठेवली, की अधिक स्पष्ट होते. बुलडाण्याच्या तिरंदाजीचे नाव आज जगात आहे. येथील प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात जागतिक अव्वल स्थानावरील नेदरलँड्सच्या माइक श्लोएसर याला अंतिम लढतीत १४९-१४८ असे नमविले. कंपाउंड तिरंदाज ५० मीटरवरून ७२ बाण सोडतो. जास्तीत जास्त गुण ७२०. हे माप बुलडाण्यात तेच आणि शांघायमध्येही तेच. प्रतिस्पर्धी कोण, विभाग कोणता, हे मानांकन फेरीत विचारले जात नाही. लक्ष्यावर उमटलेला गुण स्वतःच बोलतो.

फुटबॉलच्या बचावपटूला किंवा बेसबॉलच्या कॅचरला असे माप उपलब्ध नाही. त्याचा कस लागण्यासाठी समोर तोलामोलाचा संघ लागतो, पाहणारे निवडकर्ते लागतात आणि एकापेक्षा जास्त सामने लागतात. म्हणूनच गटरचनेचा प्रश्न त्याच्यासाठी निर्णायक ठरतो.

रेषा कोठे आखावी?

विद्यापीठ क्रीडा हे मोठ्या खेळाडूंचे पाळणाघर राहिले आहे. १९३५-३६ मध्ये सुरू झालेल्या रोहिंटन बारिया करंडकाच्या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेत अजित वाडेकर यांनी मुंबई विद्यापीठाकडून ३२४ धावांची खेळी केली होती. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यापूर्वी सुनील गावस्कर यांनी त्याच विद्यापीठाकडून ३२७ धावा करून ती मागे टाकली. या खेळ्यांना वजन होते, कारण त्या काळी विद्यापीठाचा सामना निवडकर्ते पाहत असत. आजच्या तालुक्याच्या खेळाडूलाही हवे आहे ते इतकेच : कोणीतरी पाहावे, आणि एकदाच नव्हे.

भौगोलिक गट मोडून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जवळच्या महाविद्यालयांनी आपसांत खेळावे, यात प्रवासखर्च वाचतो आणि खामगाव-मलकापूर किंवा चिखली-मेहकर अशा शेजाऱ्यांच्या चुरशीने मैदानाला प्रेक्षक मिळतात. ही चुरस पैशासाठी मोडली, तर काय होते, ते अमेरिकेत दिसलेच आहे. केवळ गुणवत्तेच्या उतरंडीनेही भागत नाही. प्लेट गटाचा अनुभव ताजा आहे. पहिल्या फेरीत भूगोल सांभाळावा, गतवर्षीच्या बलवान संघांना मानांकन देऊन वेगवेगळ्या गटांत ठेवावे, गटात साखळी सामने घ्यावेत आणि बाद पद्धत शेवटच्या टप्प्यासाठी राखावी. यजमानपदही आळीपाळीने पाचही जिल्ह्यांत फिरावे, म्हणजे पहाटेची बस प्रत्येकाच्या वाट्याला केव्हातरी येईल आणि घरचे मैदानही केव्हातरी लाभेल.

यासाठी नवे क्रीडा संकुल लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. वेळापत्रकाच्या कागदावर रेषा थोड्या वेगळ्या आखाव्या लागतील. त्यानंतरही झोन कठीण की सोपा, हा टपरीवरचा वाद सुरूच राहील. पण त्या वेळी हरलेल्या संघाने एक नव्हे, तीन सामने खेळलेले असतील.